डावा इंग्लंडात, उजवा फिंतासला

शनिवार. कुवेतमध्ये संध्याकाळचे पाच. फिंतासच्या समुद्राकडे तोंड असलेल्या एका घरात देवयानीताईंनी मला कपाटातून काढलं, फडक्यानं पुसलं आणि टीपॉयवर मोबाइलच्या शेजारी ठेवलं. त्याच क्षणी इंग्लंडात सामना सुरू झाला.

मित्रांनो, मी फुटबॉलचा एक जुना बूट आहे. उजव्या पायाचा. माझा जोडीदार डावा इथे नाही. तो तिकडे, त्या सामन्याच्या गावी आहे.

"अगं, पायातली वस्तू टीपॉयवर?" प्रसन्न म्हणाले. ते घरातले वडील, तेल कंपनीत इंजिनिअर. दर शनिवारी ते हेच विचारतात.

"असू दे. घरातलं माणूस आहे ते."

"आई, इट्स जस्ट अ शू," धाकटी जुईली म्हणाली. पण मला फोनकडे तोंड करून तिनेच नीट वळवलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो गोंदाचा वास, खोक्यातला अंधार आणि माझ्या चवड्याला टेकलेली डाव्याची टाच. फरवानियाच्या एका दुकानात नचिकेतने, म्हणजे या घरातल्या थोरल्या मुलाने, आम्हाला निवडलं. इमारतीमागच्या वाळूच्या मैदानात पाण्याचे दोन मोठे कॅन हेच गोलचे खांब. नचिकेत धावायचा तेव्हा डावा वाळूत रुतून तोल सांभाळायचा आणि मी चेंडू मारायचो. गोल झाला की सगळे म्हणायचे, "काय उजवा पाय आहे!" डाव्याचं नाव कुणी घ्यायचं नाही.

एका उन्हाळ्यात देवयानीताईंनी आम्हाला साबणाने स्वच्छ धुतलं आणि नाशिकला सुकवायची सवय, म्हणून गच्चीत भर दुपारी ठेवलं. कुवेतचं ऊन ते! माझा गोंद वितळला, तळवा जबड्यासारखा उघडला. शुवैखला गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या अशरफभाईंनी मला जाड लाल दोऱ्याने शिवलं. "भाभी, अब लड़का थकेगा, ये नहीं," ते हसून म्हणाले. तो दोरा आजही माझ्या कडेला आहे.

नचिकेत अठराचा झाला आणि इंग्लंडातल्या फुटबॉलच्या उतरंडीत चौथ्या पायरीवर असलेल्या एका क्लबने त्याला बोलावलं. प्रसन्न आधी तिकडे नोकरीला होते, तेव्हाचा त्याचा जन्म, पासपोर्टही तिकडचाच, त्यामुळे अडचण नव्हती. प्रसन्न एवढंच म्हणाले, "दोन वर्षं दिली. नाही जमलं तर परत ये आणि इंजिनिअरिंगला बस. कबूल?"

"कबूल, बाबा."

विमानतळावर बॅग जड भरली. आपल्या माणसांची बॅग जड भरतेच. सगळ्यांसमोर ती उघडली गेली. प्रसन्न सामान बाहेर काढत होते आणि देवयानीताई ते पुन्हा आत कोंबत होत्या. भाजणी आत गेली, मेतकूट आत गेलं, लोणच्याची बरणी आत गेली. त्या घाईत डावा आतच राहिला आणि मी पिशवीतून घरी आलो.

पोचल्यावर नचिकेतचा फोन आला. "आई, उजवा राहिला गं!"

मागून प्रसन्न ओरडले, "मग आता डाव्याने मार!"

नवे बूट त्याने तिकडे घेतलेच. पण डाव्याला त्याने टाकलं नाही. तो बॅगेतून जातो आणि प्रत्येक गावच्या ड्रेसिंग रूममध्ये खुंटीवर लटकतो. मी कपाटात पडल्या पडल्या डाव्याची वाट स्वप्नात चालतो. तिथे गवत खरं असतं, ओलं असतं. मेंढ्या चरतात त्या टेकडीखाली मैदान असतं, धुक्यातून दिव्यांचे खांब उगवतात आणि कुणीतरी कुत्र्याला घेऊन सामना बघायला येतं. वाळू कुठेच नसते.

नचिकेतची वाट मात्र खाली उतरत गेली. चौथ्या पायरीवर त्याला जागा मिळेना, म्हणून क्लबने त्याला सहाव्या पायरीवरच्या संघाकडे उसना दिला. तिथे त्याने पहिला गोल केला. "आई, डाव्याने मारला!" तो फोनवर म्हणाला. मला आनंद झाला, मित्रांनो, आणि थोडं टोचलंही. मग गुडघा दुखावला. हिवाळा राखीव खेळाडूंच्या बाकावर गेला. आता तो सातव्या पायरीवरच्या हॅलोबी टाउनकडे उसना आहे. आजचा सामना मोसमातला शेवटचा. मूळ क्लबचा माणूस प्रेक्षकांत बसला आहे. नचिकेतला ठेवायचं की सोडायचं, ते आज बघून ठरणार आहे. दोन वर्षंही संपत आली आहेत.

तो सुटला, तर डावा घरी येईल आणि आमची जोडी जुळेल. तो टिकला, तर मी असाच एकटा राहीन. काय मागावं?

या सामन्याचं चित्र दिसत नाही. फोनवर एक म्हातारे गृहस्थ नुसतं वर्णन करतात, त्यातही वारा जास्त ऐकू येतो. मध्यंतर झालं. नचिकेतचं नाव आलं नाही. खाली मशिदीत मगरिबची, सूर्यास्ताची अजान झाली, समुद्र राखाडी झाला.

"आला तर येऊ दे की घरी," देवयानीताई हळूच म्हणाल्या. "त्याची खोली तशीच आहे."

प्रसन्न माझ्याकडे वळले. मग त्यांनी हात पुढे केला आणि टीपॉयवरच्या माझ्या लेस घट्ट बांधल्या. रिकाम्या बुटाच्या. दुहेरी गाठ मारली.

"खेळू दे गं त्याला," ते म्हणाले.

मित्रांनो, जोडीतलं एक हरवलं म्हणून दुसऱ्याला कचऱ्यात टाकू नका. त्याला पुसून, लेस बांधून ठेवा. दूर कुठेतरी त्याचा भाऊ कुणाचा तरी तोल सांभाळत असतो. मला काय मागायचं, ते त्या गाठीने ठरवलं.

"बाबा, लिसन!" जुईलीने आवाज वाढवला.

वाऱ्यातून ते गृहस्थ सांगत होते. बरोबरी, एक-एक. हॅलोबीचा एकोणीस नंबरचा खेळाडू जॅकेट काढून रेषेवर येऊन उभा आहे. नचिकेत. चेंडू बाहेर गेला की तो आत येईल.

चेंडू अजून मैदानातच आहे.