धावणारं कासव

भाचीने प्राणिसंग्रहालयाची पीडीएफ पुस्तिका तयार केली आणि तपासायला अंध मावशीकडे आणली. मावशीचा संगणक मोठ्याने वाचू लागला, "कासव. ताशी शंभर किलोमीटर धावतं."

"अगं, हे कसलं कासव?" मावशीला हसू आवरेना.

पडद्यावर तर सगळं जागच्या जागी होतं. भाचीने फाइलमधले टॅग, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला लावलेल्या, पडद्यावर न दिसणाऱ्या खुणा, उघडले. संगणक त्यांच्याच क्रमाने वाचत होता, आणि तिथे चित्त्याचा मजकूर कासवाच्या शीर्षकाखाली जाऊन बसला होता. तिने तो जागेवर नेला.

"आता बरोबर. पण पुढे नुसतंच 'चित्र' म्हणतोय. काय आहे त्यात?"

भाचीने चित्र पहिल्यांदाच नीट पाहिलं. "कासवाच्या पाठीवर चिमणी बसलीये, चोचीत काडी धरून."

"मग चित्राच्या टॅगमध्ये तसं लिही की, म्हणजे हा वाचून दाखवेल!" मावशी पुढे सरकली. "घरटं कुठे बांधत असेल गं ती?"