जकोबी उत्तरेला गेला

पाइन बेंडमध्ये पोराच्या हातात आधी फुटबॉल येतो, चमचा नंतर. अलाबामातल्या या गावाला दोनच गोष्टींचा अभिमान होता: चर्चमधलं गाणं आणि हायस्कूलचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. संघाचा कोच व्हर्नेल स्ट्रीटर. पन्नाशी उलटली होती, पण आवाज असा की मैदानाच्या पार त्या टोकाचं पोरगंही दचकावं. त्याच्या हाताखालून निघालेला प्रत्येक चांगला खेळाडू दक्षिणेतल्याच एखाद्या बड्या विद्यापीठात गेला होता. दुसरीकडे जावं असं कुणाच्या मनातही यायचं नाही. दक्षिणेच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या साखळी स्पर्धेचा, दबदबाच तसा होता. "उत्तरेकडचे संघ जानेवारीत मोठ्या सामन्यांना येतात, मार खातात, टी-शर्ट विकत घेतात नि घरी जातात," असं ओथा न्हावी गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा फिरवता फिरवता सांगायचा.

त्या वर्षी गावात जकोबी मिम्स होता. बचावाच्या फळीत कडेला उभा राहायचा, आणि समोरचा क्वार्टरबॅक चेंडू फेकायला हात उचलतो न उचलतो तोच त्याला घेऊन जमिनीवर असायचा. त्याच्या दारात कॉलेजच्या कोचांची रीघ लागली. पण तो ड्युइट रेनीकडेच जाणार हे सगळं गाव धरून चाललं होतं. रेनी आणि स्ट्रीटर तरुणपणी दक्षिणेतल्याच एका विद्यापीठाच्या संघात खेळलेले, जिवाभावाचे. रेनी आता त्याच विद्यापीठात बचावाचा कोच होता. "पोरगा तुझाच समज," असं स्ट्रीटरनं त्याला उन्हाळ्यातच सांगून टाकलं होतं.

रेनी स्ट्रीटरला घेऊन जेवायला आला त्या दिवशी जकोबीच्या आईनं, लट्रेलनं, मासे तळले होते. जोडीला मक्याचा पाव नि पालेभाजी.

"कोंबडी नाही हं मिळायची," ती म्हणाली. "दिवसभर कारखान्यात कोंबड्याच कापते मी. घरी त्यांचं तोंड बघायचं नाही."

रेनी खळखळून हसला आणि त्यानं पुन्हा पुन्हा वाढून घेतलं. माणूस खरंच गोड होता. ताटं उचलली गेल्यावर जकोबीनं हळूच विचारलं, "सर, मला हवामानशास्त्र घ्यायचंय. त्याचे प्रयोग दुपारचे असतात. जमेल ना?"

"बाळा, आधी काहीतरी हलकंफुलकं घे," रेनी म्हणाला. "ढग कुठं पळून जात नाहीत."

सगळे हसले. स्ट्रीटरही हसला. जकोबी तेवढा हसला नाही. तो लहान असताना टोर्नेडोनं त्यांचं घर उचलून नेलं होतं. आजोबा आतच होते. गावाचा धोक्याचा भोंगा वाजला तेव्हा वादळ अंगणात पोचलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात उत्तरेहून कोवाल्चिक नावाचा कोच आला. गोरा, ताडमाड, अंगात जाड लोकरीचा कोट, आणि कपाळावरून घामाच्या धारा.

"कोट काढा साहेब," ओथा दुकानाच्या दारातूनच ओरडला. "इथं माणसं राहतात, पेंग्विन नव्हे!"

"आमच्याकडे पेंग्विनसुद्धा कोट घालतात," कोवाल्चिक म्हणाला, आणि ओथालाच हसू आवरेना.

जकोबीनं त्यालाही तोच प्रश्न विचारला. "मला ठाऊक नाही," कोवाल्चिक म्हणाला. "उगाच थाप कशाला मारू? विचारून सांगतो."

त्यानं खरोखरच फोन केला. सराव पहाटे असतो, दुपार मोकळी, असं सांगितलं आणि फोन हवामानशास्त्राच्या एका प्राध्यापक बाईंच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी लट्रेल कामाच्या कपड्यांतच मैदानावर आली.

"कोच, काल तो त्या बाईंशी तास-दीड तास बोलत होता. वारे काय, दाब काय, मला ओ का ठो कळलं नाही. पण माझे बाबा त्या वादळात गेल्यापासून मी या पोराला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं."

आजवर आलेल्या प्रत्येक कोचला स्ट्रीटरनं एकच विचारलं होतं: माझ्या पोराला कधी मैदानात उतरवणार? तो शिकणार काय, हे विचारायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. त्यानं रेनीला फोन लावला.

"ड्युइट, सरळ सांग. दुपारच्या वर्गाला सोडशील त्याला?"

"व्हर्नेल, तू खेळलायस इथं. दुपारी आमची बैठक असते. तो वर्गात बसला तर त्याची जागा दुसरा घेईल. आमच्या कॉन्फरन्समध्ये कुणी कुणासाठी थांबत नाही. आणि तू शब्द दिला होतास मला."

"दिला होता. पण तो माझा होता का द्यायला?"

"पोरगा चांगला आहे," रेनी म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.

सराव संपल्यावर स्ट्रीटरनं जकोबीला आपल्या ट्रकमध्ये बसवलं.

"तुला कुठं जायचंय?"

"तुम्ही रेनी सरांना सांगितलंय, कोच."

"मी काय सांगितलं ते मला माहीतेय. तुला विचारतोय."

जकोबी गुडघ्यांकडे बघत राहिला. "गाव शिव्या घालेल. तुम्हाला."

"घालू दे. हरलो की दर वेळी घालतंच. सवय आहे मला."

मग पोराच्या तोंडून कसंबसं निघालं, "उत्तरेला."

कुठल्या विद्यापीठात जाणार ते जाहीर करायचा दिवस उजाडला. शाळेचा हॉल खच्चून भरला होता. टेबलावर दोन्ही विद्यापीठांच्या टोप्या. जकोबीनं उत्तरेची उचलून डोक्यावर घातली आणि हॉलमध्ये चिडीचूप झालं. मग मागून कुणीतरी हुर्यो उडवली. काही खुर्च्या सरकल्या, माणसं उठून चालू लागली. लट्रेलनं पोराचा हात घट्ट धरला.

स्ट्रीटर उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. अख्ख्या हॉलमध्ये त्याच्याच दोन हातांचा आवाज. मग संघातली पोरं उठली. मग चर्चच्या गायनातल्या बायका. शेवटी ओथा उठला. "मूर्ख आहे कार्टं," तो पुटपुटला, "पण आपलं आहे." आणि त्यानंही टाळ्या वाजवल्या.

ते वर्ष सोपं गेलं नाही. दुकानात स्ट्रीटर शिरला की गप्पा थांबायच्या. रेनी ख्रिसमसला यायचा, तो आला नाही. पण वसंतात त्याचा निरोप आला: दुसऱ्या फळीतला तुझा तो ठेंगू पोरगा बघायला येतोय, जेवायला काय आहे?

ऑक्टोबरात स्ट्रीटर आणि लट्रेल गाडीनं उत्तरेला गेले. जकोबीच्या संघानं सामना गमावला. त्याला थोडाच वेळ खेळायला मिळालं, आणि त्यातही एकदा तो तोंडघशी पडला. स्ट्रीटर इतका ओरडला, की पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं त्याला घशाची गोळी दिली.

रविवारी सकाळी जकोबी दोघांना एका इमारतीच्या गच्चीवर घेऊन गेला. थंडी हाडांत शिरत होती. तिथं फोनवरच्या त्या प्राध्यापक बाई आणि चार-पाच मुलं एक पांढरा फुगा धरून उभी होती, माणसाहून मोठा. खाली दोरीला छोटी पेटी बांधलेली.

"वर जाऊन हा वारा मोजतो," जकोबी भराभर सांगू लागला. "तापमान, ओल, सगळं. खाली आम्हाला लगेच कळतं. आई, अगं, ढगाच्याही वर जातो!"

"मोजून करायचं काय?" लट्रेलनं विचारलं.

"भोंगा जरा लवकर वाजवता येतो."

लट्रेलनं तोंड दुसरीकडे वळवलं. बाईंनी दोरी स्ट्रीटरच्या हातात दिली. फुगा ओढ घेत होता, चांगलाच जोर होता त्याला.

"सोडा कोच," जकोबी म्हणाला.

"थांब रे. जरा धरू दे," स्ट्रीटर म्हणाला. मग त्यानं बोटं उघडली, आणि तिघंही माना मागे टाकून वर बघत राहिले.