आखडलेली पट्टी

चिमटेकाका रजेवर होते म्हणून त्या दुपारी डब्या तपासायला ताई स्वतः बसली. काका म्हणजे कारखान्यातले तपासनीस, चिमटा हातात घेऊनच जन्माला आलेले. ताई डब्यांची रचना करणारी. कमी दिवसांच्या बाळाच्या अंगाला तार चिकटवायची, की डबी त्याचं तापमान दाखवते. साडेछत्तीस अंशांच्या वर असेल तर हिरवा दिवा, खाली गेलं की दिवा बंद. धाकट्या बहिणीचं चार दिवसांचं बाळ त्या घटकेला दवाखान्यात अशाच एका डबीला जोडलेलं होतं, आणि ताईला त्याचं कोण कौतुक!

तिने तार कोमट पाण्यात सोडली. शेजारच्या थर्मामीटरवर सदतीस, डबीवर साडेअडतीस. पाणी निवत गेलं, थर्मामीटर सव्वापस्तीसवर आला, तरी दिवा आपला हिरवागार. तिने थर्मामीटर बदलला. डबी बदलली. तिसरी घेतली. तेच.

मग तिचं लक्ष काकांनी पास केलेल्या डब्यांकडे गेलं. सगळ्यांच्या दिव्यांची पिन काढून ठेवलेली. बरोबर आहे, नवा दिवा डोळ्यांवर येतो अशी काकांची तक्रार होतीच. तपासून झालं की पॅकिंगवाले पिन परत लावायचे. तिने आपल्या डबीची पिन उपटली आणि आकडा झपकन दीड अंशाने खाली आला.

तिने पिन परत लावली, आकडा पुन्हा वर. डबीत एक इवलीशी चिप असते. त्या चिपने बरोब्बर अडीच व्होल्ट द्यायचे आणि बाकी सगळं त्यावरून मोजायचं. कापडवाल्याची पट्टीच म्हणा. तिच्याकडून दहा मिलिअँपिअरच्या वर करंट ओढायचा नाही, असं चिपच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलेलं. ताईने तिच्यावर दिवाही लटकवला, कारण दुसरी वाट काढायला बोर्डावर जागा नव्हती आणि खरं सांगायचं तर कंटाळाही आला होता. दिवा मिणमिणता होता तोवर निभावलं. मग विक्रीवाल्यांना लांबून दिसणारा दिवा हवा झाला. हिने दिव्याचा करंट वाढवायला एक रेझिस्टर बदलला आणि बेरीज करायची राहिली. बाकी डबीचे चार आणि दिव्याचे अठरा, बावीस. पट्टी आखडली, कापड लांब भरायला लागलं. दिवा लागला की आकडा चढायचा, आणि आकडा चढलेला म्हणून दिवा विझायचं नाव घ्यायचा नाही.

धाकटी फोन उचलेना. ताईने पर्समध्ये स्क्रू-ड्रायव्हर टाकला आणि कुणाला काही न सांगता निघाली. बसमध्ये बसवेना, उभं राहवेना. प्रत्येक थांब्यावर उतरून पळत सुटावंसं वाटत होतं.

वॉर्डात डबीवर छत्तीस पूर्णांक सात, दिवा हिरवा. नर्सला कसंबसं समजावून तिने डबी उघडली. घाईत स्क्रू दोनदा पडला. पिन निघाली. पस्तीस पूर्णांक दोन. नर्सने बाळाला उचललं, धाकटीच्या उघड्या छातीशी लावलं, वरून दोन पांघरुणं घातली आणि डॉक्टरांना बोलवायला धावली.

"सकाळपासून पाय गार लागत होते गं," धाकटी म्हणाली. "पण दिवा हिरवा होता आणि मशीन तुझं. म्हटलं, माझाच हात चुकतोय."

ताईला रडू फुटलं. दिवा, चिप, कंटाळा, सगळं तिने बहिणीला सांगून टाकलं. डॉक्टर येऊन बघून गेले, वेळेवर कळलं म्हणाले. अर्ध्या तासाने छत्तीस झालं, तरी हिचं चालूच. आपल्याला बाळाजवळ फिरकू देऊ नये, असंही म्हणून झालं.

धाकटी बाळाची पाठ चोळत ऐकत होती. मग तिने विचारलं, "अशा किती दिल्यात तुम्ही?"

"एकशे चाळीस."

"आणि तू इथे माझ्यापाशी रडत बसलीयेस? ताई, तिकडेही बायका स्वतःचाच हात चुकतोय म्हणत असतील."

ताई ताडकन उठली. व्हरांड्यात येऊन तिने साहेबांना फोन लावला आणि ते हॅलो म्हणायच्या आतच बोलायला लागली.