रोज सकाळचे शून्य

मी एक जुना वजनकाटा आहे आणि सध्या माझ्यावर कलिंगडे ठेवतात. तौलिऊ गावाबाहेर, नदीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, निळ्या ताडपत्रीखाली माझा मुक्काम असतो. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. एरवी ज्याचे सारे आयुष्य माणसांच्या पायाखाली गेले, त्याला माणसांशी मैत्री करण्याची फारशी हौस उरत नाही. कलिंगडांचे तसे नाही. वजन कमी दिसावे म्हणून ती हळूच भिंतीला हात लावत नाहीत आणि आकडा पाहून काटा बिघडला असे म्हणत नाहीत.

माझा जन्म थायचुंगच्या एका कारखान्यात झाला. माझ्याबरोबर तयार झालेला दुसरा काटा डुकरांच्या बाजारात गेला आणि मी जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात आलो. निघताना मला त्याची कीव आली होती. आता वाटते, संगत त्यालाच बरी मिळाली. रुग्णालयात आल्या आल्या माझ्या पाठीवर पत्र्याची एक पट्टी ठोकली. तिच्यावर रुग्णालयाचे नाव होते, क्रमांक होता आणि 'कायम मालमत्ता' असे शब्द होते. मी इतका फुगलो की विचारू नका. कायम या शब्दाची भल्याभल्यांना भुरळ पडते, मी तर बोलूनचालून काटा.

मला डायलिसिसच्या विभागात ठेवले. ज्यांची मूत्रपिंडे बंद पडली आहेत अशी माणसे तेथे दिवसाआड येत. त्यांच्या अंगात साठलेले पाणी यंत्राने काढायचे असते आणि किती काढायचे हे माझ्या आकड्यावरून ठरते. म्हणजे माझा आकडा हा त्यांच्याच जिवाचा प्रश्न होता. तरी ती मलाच फसवायला बघत. आ-मान आजी घरून चोरून सूप पिऊन येत आणि माझ्यावर चढण्याआधी चपला, जाकीट, कानांतल्या कुड्या, सगळे काढून ठेवत. खुन-शान काका नदीच्या पात्रात कलिंगडे पिकवत आणि विकत. ज्याने पाणी घोटाघोटाने प्यायचे, त्याने नेमका हाच धंदा धरला होता. उन्हाळ्यात ते माझ्यावर उभे राहत तेव्हा हनुवटीवर लाल ओघळ असे आणि म्हणत, आपण फक्त चव बघितली.

या विभागात माझी गाठ लिआव त्साय-युनशी पडली. ती परिचारिका म्हणून आली तेव्हा अगदी कोवळी होती. डायलिसिससाठी हाताची शीर शस्त्रक्रिया करून जाड केलेली असते आणि दर वेळी तिच्यात दोन जाड सुया घालाव्या लागतात. खुन-शान काकांची शीर वाकडी आणि निसटती होती, अनेकांनी तिच्यापुढे हात टेकले होते. त्साय-युनलाही ती काही लगेच साधली नाही. काका शिव्या देत, ती मान खाली घालून ऐके आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच हातापाशी जाऊन बसे. काही वर्षांनी अशी वेळ आली की काका तिच्याखेरीज कोणापुढे बाही वर करीनात. आ-मान आजींचेही तेच. माणसे हट्टी असतात, पण दुखणे कोण कमी करते एवढे त्यांना कळते.

रोज सकाळी बटण दाबून मला शून्यावर आणण्याचे कामही तीच करी. कालच्या माणसाचे ओझे आज माझ्यात उरता कामा नये. काट्याच्या बाबतीत हे योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार होती त्या हिरव्या पाकिटाबद्दल. आमच्याकडे यंत्राने शहाण्यासारखे वागावे म्हणून त्याच्या डोक्यावर लहान मुलांच्या खाऊचे, म्हणजे मक्याच्या फुग्यांचे, पाकीट ठेवतात. ते हिरवेच लागते, फोडलेले चालत नाही, आणि त्यावरची तारीख उलटलेली तर मुळीच चालत नाही. तारीख उलटली की यंत्र रुसते म्हणे. डॉक्टर, तंत्रज्ञ, एरवी नाकाने कांदे सोलणाऱ्या मुख्य परिचारिका वू बाई, सगळे यावर डोळे मिटून विश्वास ठेवत. दिवसभर राबायचे आम्ही आणि श्रेय मक्याच्या फुग्यांना. एकदा कोणीतरी एक पाकीट क्षणभर माझ्यावर टेकवले, तर माझा आकडा शून्यावरून हललासुद्धा नाही.

पुढे त्साय-युनचे दिवस फिरले. नवरा कधीच सोडून गेला होता, मुलगी शाळेत होती, आणि अशात वडिलांना अर्धांगवायू झाला. त्याच सुमारास रुग्णालयात माणसे कमी पडू लागली आणि डायलिसिसच्या परिचारिकांना कधीही उचलून दुसऱ्या वॉर्डात पाठवू लागले. घरी वडिलांचे अंग पुसायचे कोणी, हा प्रश्न रोजचा झाला. नेमक्या त्या वेळी आमच्या विभागातले चुंग डॉक्टर नोकरी सोडून गेले आणि त्यांनी रस्त्याच्या पलीकडे स्वतःचे डायलिसिस केंद्र उघडले. त्साय-युनला त्यांनी बोलावणे धाडले. फक्त दिवसाची पाळी, मुख्य परिचारिकेची जागा, दुसरीकडे कोठे पाठवणी नाही.

अडचण एकच होती आणि ती मोठी होती. एका मालकाकडे जितकी वर्षे काढावीत तितकी नोकरी पक्की होते, काढून टाकणे जड जाते, रजा वाढतात, म्हातारपणी हाती काही पडते. मालक बदलला की ती सगळी वर्षे शून्य. घरात कमावणारी ती एकटी. मग सल्ल्यांचा पूर आला. जन्मात एकदाही खुर्ची न बदललेल्या वू बाई म्हणाल्या की कायमची नोकरी सोडणारी बाई मूर्ख असते. दर वर्षी जागा बदलणारी एक मुलगी म्हणाली की एका जागी टिकणारी बाई मूर्ख असते. दोघींनी तिच्यासाठी क्षणभरही विचार केला नव्हता, दोघींनी आपापलेच समर्थन केले होते.

या गडबडीत माझीच नोकरी गेली. चाकांच्या खुर्चीसकट माणूस चढेल असा नवा काटा आला. एका शिपायाने स्क्रूड्रायव्हरने माझ्या पाठीवरची 'कायम मालमत्ता' उचकटली, खिशात घातली आणि मला भंगाराच्या ढिगाशी नेऊन टाकले. चुंग डॉक्टरांनी मला तेथून उचलले, तेही नवा काटा घेणे त्यांच्या जिवावर आले म्हणून. अशा रीतीने मी त्साय-युनच्या आधीच रस्ता ओलांडला.

त्यामुळे ती केंद्र पाहायला आली तेव्हा मी दारातच होतो. मोठी काचेची पेटी, तिच्यात लाल मासे, भिंतीला फिकट हिरवा रंग. डॉक्टरांनी तिला चहा दिला आणि हसून विचारले की तिच्याबरोबर कोण कोण रुग्ण येतील. मग वर्षांचा विषय निघाला.

"तुझी पलीकडची सगळी वर्षं मी इथे धरतो, त्साय-युन," डॉक्टर म्हणाले. "आपल्यात कागद कशाला?"

आता येथे शहाण्या माणसाने कागद मागितला असता. तिने काय करावे? ती उठली, एकेका यंत्रापाशी गेली आणि वरची हिरवी पाकिटे उलटी करून तारखा पाहू लागली. जो मालक पाकिटेसुद्धा वेळेवर बदलतो तो माणसांकडेही बघेल, असा तिचा हिशेब. सगळ्या तारखा ताज्या होत्या. तिचा चेहरा उजळला. मी मात्र सकाळी पाहिले होते की डॉक्टरांनी घाईघाईने खोके मागवून सगळी जुनी पाकिटे कचऱ्यात फेकायला लावली होती. इतकी हुशार बाई, जिवंत माणसाची शीर अंधारातही सापडेल तिला, आणि ती आपले उरलेले आयुष्य मक्याच्या फुग्यांवर तोलत होती. मला बोलता येत नाही याचे त्या दिवशी फार वाईट वाटले.

ती आली. तिच्यामागोमाग खुन-शान काका आले, आ-मान आजी आल्या, हळूहळू सगळ्या खुर्च्या भरल्या. चुंग डॉक्टर पाहुण्यांना सांगत की रुग्ण त्यांच्या नावावर येतात. मासे पाहायला येतात असे ते म्हणाले नाहीत, हेच नवल. काही वर्षे बरी गेली. तिच्या वडिलांचे जेवण वेळेवर होऊ लागले, मुलगी कॉलेजात गेली. नव्या मुलींना तिने शिकवले आणि भिंतीवर एक नियम लावून घेतला, की नव्या परिचारिकेने पहिले तीन महिने अवघड हाताला सुई लावायची नाही.

मग एका सोमवारी सकाळी समजले की डॉक्टरांनी केंद्र थायपेईच्या एका कंपनीला विकले आहे. कंपनीकडून फान साहेब आले. गुळगुळीत केस, गुळगुळीत बूट, गुळगुळीत बोलणे. त्यांनी येताना यंत्रांसाठी नवी हिरवी पाकिटे आणली आणि माणसांसाठी नवे करार. करारात सगळ्यांची सेवा त्या दिवसापासून सुरू होत होती. त्साय-युनने विचारले की तिच्या वर्षांचे काय. पलीकडची वर्षे तर डॉक्टरांनी धरली होती ना? डॉक्टर माशांना खाणे टाकत होते. ते म्हणाले की तसे काही बोलल्याचे त्यांना आठवत नाही.

तिचा चेहरा पांढरा पडला. तोवर रुग्ण येऊन बसले होते, काका माझ्यावर उभे होते, आणि आकडा चांगलाच चढा होता, कारण दिवस कलिंगडांचे होते.

"ताई, नवी कंपनी म्हणजे नवी सुरुवात," फान साहेब म्हणाले. "जुनी वर्षं आमच्याकडे कुठेच नाहीत."

मग तिने हातातले मोजे काढून ठेवले.

"बरं साहेब, मग आजपासून मी नवीन," ती म्हणाली. "भिंतीवरचा नियम वाचा. नवीन बाईनं अवघड हाताला हात लावायचा नाही. काकांचा हात मी रस्त्यापलीकडे शिकले. ती वर्षं नाहीत म्हणता, तर तो हातही मला येत नाही."

फान साहेबांनी दुसऱ्या मुलींकडे पाहिले. त्यांनी एकजात नकारार्थी माना हलवल्या. काका माझ्यावरून खाली उतरले आणि चपला शोधू लागले.

"पलीकडे दवाखाना उघडा आहे, त्यांना माणसं कमीच पडतात," काका म्हणाले. "चल पोरी. तू नवीन, तर आम्हीपण नवीन. तुझा हात जिकडे, तिकडे आमचा."

आ-मान आजींनी कुड्या पुन्हा कानांत घातल्या. एकेक खुर्ची रिकामी होऊ लागली. फान साहेब आधी हसले, मग रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिले, मग बाहेर जाऊन थायपेईला फोन लावला. रुग्ण दारात चपला घालून उभे राहिले. तासाभराने नवा कागद आला. त्यात केंद्रातली वर्षे होती आणि रस्त्यापलीकडचीही होती. त्साय-युनने तो अथपासून इतिपर्यंत वाचला, त्यावर कंपनीचा शिक्का मारून घेतला आणि आपली प्रत पिशवीत ठेवली. त्या दिवशी तिने पाकिटांकडे ढुंकूनही पाहिले नाही. मग मोजे घालून ती काकांच्या हातापाशी बसली आणि पहिल्याच खेपेला दोन्ही सुया लावल्या.

"तीन महिने झाले वाटतं," काका म्हणाले.

माझी वर्षे मात्र कोणी विचारली नाहीत. कंपनीने चकचकीत नवा काटा आणला आणि मला मागच्या दारी ठेवले. तेथून काकांनी मला गाडीत घालून आणले. आता त्यांचा मुलगा रोज सकाळी मला शून्यावर आणतो आणि माझ्यावर कलिंगडे ठेवतो. कधी कधी काकाही चढतात, आकडा पाहतात आणि हातातली फोड गुपचूप खाली ठेवतात. माझ्या आयुष्यात एवढीच काय ती सुधारणा मी पाहिली.

मित्रांनो, काट्याला रोज शून्यावर आणा, त्यानेच तो खरा राहतो. माणसाची वर्षे मात्र पुसू नका. आणि कोणी तुमची वर्षे नुसती तोंडाने धरायला निघाला, तर त्याला घेऊन माझ्याकडे या. त्याचा शब्द माझ्यावर ठेवा, वर एक हिरवे पाकीट ठेवा. आकडा हलला तर मला खुशाल भंगारात टाका.