सणाच्या दिवसांची कोरी पानं

वैभवीची ईशिता जिना एकटीनं उतरून आली आणि सुनीतीच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. गेल्या संक्रांतीला हीच पोर हेल्मेट घालून सोफ्यावर पडून होती.

"तीन महिने झाले, एकही फिट नाही," वैभवी बायकांना हळदीकुंकू लावता लावता सांगत होती. "कॅनबिस ऑइल सुरू केलं ना. आणि एनएचएसनं फंडिंग दिलं म्हणून जमलं."

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या त्या भरल्या घरात सुनीतीला गुदमरायला झालं. मांडीवर तिची सहा वर्षांची तनू पेंगत होती. दोघींचा आजार तोच, कन्सल्टंट तोच, अर्जही एकाच आठवड्यात गेलेले. ईशिताला ते गांजापासून बनवलेलं औषधी तेल सरकारी खर्चानं मिळालं, तनूला नकाराचं पत्र. आता तेच तेल प्रायव्हेट क्लिनिकमधून आणायचं, आणि परवडेना म्हणून सांगितल्याच्या निम्मंच द्यायचं. ईशिताचं चांगलं झालं याचा आनंद व्हायला हवा होता. तो काही केल्या होईना.

बायका खायला किचनमध्ये गेल्यावर तिनं विचारलंच. "खरं सांग, कुणाची ओळख लावलीस?"

"डोंबलाची ओळख! ही घे फाइल, बघ तूच."

आत अर्जाला जोडलेल्या, आदल्या वर्षीच्या फिट्सच्या डायरीची कॉपी होती. सुनीती चूक शोधायलाच बसली. लक्ष्मीपूजन: चार. ईशिताचा वाढदिवस: पाच, एक केक कापताना. पाडवा: दोन.

"लक्ष्मीपूजनाला? असलं अभद्र लिहिलंस तू?"

"आल्या तर लिहायला नको?"

सुनीतीच्या वहीत दसरा कोरा होता, दिवाळीचे पाचही दिवस कोरे, तनूचा वाढदिवस कोरा. सणावारी असलं काही कागदावर उतरवू नये गं, असं आईनं फोनवर बजावलं होतं. आणि एम.एस्सी. झालेल्या सुनीतीला ते पटलंही होतं. फंडिंग कमिटीच्या नकाराच्या पत्रातलं 'सलग पाच दिवस एकही फिट नाही' हे वाक्य कुठून आलं, ते तिला आत्ता कळलं.

"सणाचे दिवसही लिहायचे असतात हे तुला कळत होतं, तर मला सांगायचंस ना!"

"कधी सांगू? ईशिताचं फंडिंग आल्यापासून तू माझा फोन तरी उचललास का?"

तेवढ्यात मांडीवरची तनू ताठ झाली. सुनीतीनं तिला खाली घेऊन कुशीवर वळवलं. वैभवी गुडघ्यांवर बसून घड्याळ बघू लागली. ईशिता हलव्याची वाटी घेऊन दारात उभी होती. तिच्या हातातला एक दाणाही सांडला नाही, आणि तेवढ्या गडबडीतही ते सुनीतीला बोचलं.

"एक मिनिट चाळीस," वैभवी म्हणाली. तनूचा श्वास पुन्हा नीट चालू झाला होता. "नवा पुरावा असेल तर परत अर्ज करता येतो, सुनीती. मी बसते तुझ्याबरोबर."

सुनीतीनं तिच्याकडे पाहिलं नाही. पर्समधून वही काढली. "पेन दे."

'संक्रांत: एक,' तिनं लिहिलं. क्षणभर थांबली. सकाळी तनूला नवा काळा फ्रॉक घालताना दोन आल्या होत्या. तिनं 'एक' खोडलं आणि 'तीन' केलं.