तीन माना आणि एक नाक

राजवाड्याच्या प्रसंगात प्रधानाने तलवार उगारायची. तर त्याचा हात हळूच खाली आला आणि म्हातारपण आल्यासारखा मांडीवर विसावला. हशा पिकला. पडद्यामागून प्रधानाचा आवाज काढणाऱ्या ताईने वेळ मारून नेली, "क्षमा असावी महाराज, जरा डोळा लागला!" वर फळीवर ओणवा झालेला तिचा धाकटा भाऊ, बाहुलेकार, मात्र हसला नाही. उजव्या अंगठ्यातून आणि तर्जनीतून दोरी केव्हा निसटली, हे त्याला कळलेच नव्हते. बोटे जागेवर होती. त्यांच्याकडून बातमी तेवढी येईनाशी झाली होती.

उभी हयात त्याने मान खाली घालून काढली होती, तीही कुणाचा अपराध न करता. आता त्या मानेने दावा लावला. पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती जागा सोडून मागे सरकली होती आणि हाताकडे जाणाऱ्या नसेवर ठाण मांडून बसली होती. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, गळ्याभोवतीचा पट्टा झाला. शेवटी सर्जनने तीन वाटा सांगितल्या. गळ्याच्या बाजूने शिरून चकती काढायची आणि ते दोन मणके एकमेकांना कायमचे जोडायचे. किंवा तिच्या जागी हलणारी कृत्रिम चकती बसवायची. नाहीतर मानेच्या मागून जाऊन नसेची वाट तेवढी रुंद करायची.

"घरी बोलून ठरवा," सर्जन म्हणाले होते.

या घरात बोलून काही ठरत नसे. बाहुली करून ठरत असे. ताईला सांगून आलेल्या स्थळाची बाहुली इतकी हुबेहूब उतरली होती, की तिच्याशी घटकाभर गप्पा मारून ताईने मुलगा न पाहताच नकार कळवला होता. त्यामुळे बाहुलेकाराच्या बायकोने पटाशी हाती घेतली, तेव्हा कुणालाच नवल वाटले नाही. तिने तीन बाहुले कोरले. तिघांनाही नवऱ्याचे नाक दिले, जरा सढळ हाताने. पहिल्याची मान खिळा ठोकून पक्की केली, दुसऱ्याच्या मानेत पितळी मणी बसवला, आणि तिसऱ्याची मान होती तशीच ठेवून दोरीचे भोक तेवढे मोठे केले.

"अहो, चालवा आता. कोणता बरा दिसतोय बघू."

बाहुलेकाराच्या मनात चोर होता. त्याला चाकूच नको होता. पहिल्या बाहुल्याला ताईने हाक मारली, तसा तो अख्ख्या देहानिशी वळला आणि वळता वळता नाकाने चहाचा कप लवंडून मोकळा झाला. दुसऱ्याने मान गरगर फिरवली आणि स्वतःचीच पाठ पाहून किंचाळला. तिसरा तर "मागून घात झाला हो!" म्हणत आडवाच झाला. बायको हसून हसून टेबलाला टेकली.

"पाहिलंत? एकातही राम नाही," तो विजयी मुद्रेने म्हणाला. "आहे ते बरं आहे."

ताईचे हसू मात्र मध्येच विझले होते. "काय रे, डाव्या हाताने का चालवतोयस?"

"सहज."

"सहज म्हणे! पाळण्यात होतास तेव्हापासून ओळखते तुला. उजव्यात घे."

त्याने दोऱ्यांची दांडी उजव्या हातात घेतली. क्षणभर ती तळव्यात थांबली, आणि देठ सुटलेल्या फळासारखी निमूट गळून पडली. बाहुला नाकावर आपटला. बायकोने तो उचलला नाही. नवऱ्याचा हात उचलला. ती हाताकडे पाहत होती, तो खिडकीबाहेर.

"अंगठा दाबलेला कळतोय?"

"कळतोय की. थोडासा."

"अहो, मी अजून दाबलाच नाही."

दुसऱ्या दिवशी तीन माणसे आणि तीन बाहुले दवाखान्यात हजर झाले. सर्जनने पहिल्या बाहुल्याची मान वळवून पाहिली, खिळा पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हा कुणाचा प्रताप?"

"माझा," बायको म्हणाली. "मणके जोडल्यावर असंच होणार ना?"

"बाई, तुमच्या बाहुल्याला मानेत सांधा एकच. यांना देवाने सात मणके दिलेत. मी त्यांतले दोन जोडणार. तुम्ही सगळी मानच खिळून टाकलीत!"

बायकोने पदराआड जीभ चावली. घरी ज्या वाटेची सर्वांत आधी टर उडवली होती, नेमकी तीच, मणके जोडण्याची, सर्जनने समोर ठेवली. मागचे सांधे झिजलेले, म्हणून हलती चकती नको. चकती अगदी मधोमध मागे सरकलेली, म्हणून मागची वाट नको.

"फळीवरून खाली पाहता येईल?" बाहुलेकाराने विचारले. त्याचा आवाज पहिल्यांदाच थट्टेशिवाय आला.

"येईल. किंचित कमी. गिळायला थोडे दिवस त्रास होईल, आवाजही बसेल."

"म्हणजे एकात दोन ऑपरेशनं, मानेचं आणि तोंडाचं," ताई पुटपुटली.

"पण हाताची ताकद जितकी उशिरा मागाल," सर्जन त्याच्याकडेच पाहत राहिले, "तितकी परत मिळण्याची खात्री कमी. आणि आजही मी वचन देत नाही."

बोलता बोलता सर्जनने तिसरा बाहुला जवळ ओढला. त्याच्या दोऱ्या प्रवासात एकमेकींत अडकल्या होत्या. नवखा माणूस अशा वेळी बाहुला ओढतो आणि गाठ आवळतो. सर्जनने ओढले नाही. आधी दांडी सैल सोडली, मग एकेक दोरी बोटाने मोकळी केली, आणि बाहुला परत ठेवताना डोके टेबलावर आपटू नये म्हणून त्याच्या मानेखाली तळवा धरला. हे सगळे ते भुलीच्या इंजेक्शनाविषयी सांगत असतानाच चालले होते. हात काय करताहेत, याकडे त्यांचे लक्षही नव्हते.

बाहुलेकाराचे होते. त्याने ताईकडे पाहिले. ताईनेही ते टिपले होते.

"डॉक्टर," तो म्हणाला, "लवकरची तारीख द्या. आणि वरून तुम्हीच धरायचं. मदतनिसाच्या हातात दोऱ्या देऊ नका."