चोवीस दारं आणि एक चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी घर आहे. उंची दीड हात, छप्पर उतरतं आणि दारं चोवीस. एवढी दारं असूनही माझ्यात कुणी राहत नाही, कारण प्रत्येक दारामागे काड्यापेटीएवढाच कप्पा आहे. मला अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर म्हणतात. डिसेंबरच्या एक तारखेला एक नंबरचं दार उघडायचं, दोन तारखेला दोन नंबरचं. चोविसावं उघडलं की दुसऱ्या दिवशी नाताळ. आत काहीतरी गोड असतं. नियम एकच, एका दिवसाला एक दार. या बाबतीत मी जुन्या वळणाचा आहे. लाड चालतात, घाई चालत नाही.

आमचं घराणं मूळचं जर्मनीतलं. फार पूर्वी तिथली माणसं नाताळ जवळ आला की दारावर खडूच्या चोवीस रेघा ओढत आणि मुलं रोज एक पुसत. कुणी रोज एक मेणबत्ती लावी, कुणी भिंतीवर एक चित्र टांगी. मग छापील कागदी कॅलेंडरं आली आणि त्यांना छोटी छोटी दारं फुटली. महायुद्धात कागद मिळेना, तेव्हा आमचं घराणं जवळजवळ बसलंच होतं. पुढे ते सावरलं आणि दारामागे चॉकलेट आलं. आता दुकानात आमचे कागदी भाऊबंद ढिगाने मिळतात. डिसेंबर संपला की ते रिसायकलिंगच्या डब्यात जातात.

मी मात्र टिकाऊ. कॅनडात, कॅल्गरीतल्या एका म्हाताऱ्या जर्मन सुताराने मला नातीसाठी बनवलं. आकडे त्याने मुद्दाम विस्कटून लिहिले. सातच्या शेजारी एकवीस, त्याच्याखाली तीन. मुलांनी रोजचं दार जरा शोधावं, एवढाच हेतू. ती नात माझं फार कौतुक करायची. मग ती मोठी झाली आणि मी कपाटात गेलो. बरीच वर्षं तिथे होतो. किती, ते मी मोजलं नाही. कॅलेंडराने असं म्हणू नये, पण खरंच मोजलं नाही.

२०१५च्या जुलैमध्ये त्या घराने गॅरेज सेल लावला. जुने स्केट्स आणि एक टोस्टर यांच्यामध्ये मी उन्हात बसलो होतो. तिथे नीरजा आली. तिने माझी दारं बोट लावून मोजली. चोवीस भरली तशी तिने पुन्हा एकदा मोजली.

"इट्स फॉर ख्रिसमस, यू नो," विकणारी बाई म्हणाली.

"आय नो. बट आय नीड इट नाऊ," नीरजा म्हणाली.

नीरजाचा नवरा विश्वनाथ दूर उत्तरेला तेलाच्या कामावर होता. चोवीस दिवस तिकडच्या कॅम्पमध्ये आणि मग चार दिवस घरी. चार झाले की पुन्हा चोवीस. त्यांची मुलगी श्रावणी तेव्हा सहा वर्षांची होती. बाबा गेला की ती रोज विचारायची, "हाऊ मेनी मोर स्लीप्स?" म्हणजे, अजून किती रात्री झोपायचं? उत्तर देऊन देऊन नीरजा थकली होती.

मला आधी ते काही पटलं नाही. जुलैत कसला आलाय नाताळ? पण कामाला नाही म्हणायला मी कोण! बाबा ज्या दिवशी जाई, त्या दिवशी एक नंबरचं दार. चोविसावं उघडलं की बाबा दारात. नीरजा माझ्यात शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याची वडी, बेदाणे असं काय काय भरायची. पूर्वी मला वर्षातून एकदा काम असे, इथे बारा महिने राबवून घेतलं. खरं सांगतो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस होते. चोविसाव्या दिवशी संध्याकाळी श्रावणी मला उचलून खिडकीत ठेवायची, मलाही बाबा दिसावा म्हणून.

२०१६चा फेब्रुवारी आला. एक तारखेला विश्वनाथ गेला. पंधरा तारखेला फॅमिली डे होता. त्या सुट्टीला सगळ्यांचे बाबा मुलांना स्केटिंगला नेणार होते, आणि श्रावणीचा बाबा माझ्या हिशेबाने चोवीसला येणार होता. दहा तारखेला, बुधवारी, शाळेतून आल्यावर तिने दहावं दार उघडलं. तिळाची वडी खाल्ली. माझ्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली आणि मग तिने अकरावं उघडलं. बारावं, तेरावं. एकामागून एक चोविसाव्यापर्यंत. सगळी दारं उघडली म्हणजे सगळे दिवस संपले, असा तिचा हिशेब होता. मी अडवू शकलो नाही. माझ्या बिजागऱ्या चांगल्या होत्या, दारं सहज उघडली.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी विश्वनाथ आला.

श्रावणी धावत गेली. पण त्याने तिला उचललं नाही. बॅग खाली ठेवून तो नीरजाला म्हणाला, "लेऑफ झाला. अख्खी टीम गेली."

श्रावणीने वळून माझ्याकडे पाहिलं. माझी चोवीसच्या चोवीस दारं उघडी होती. तेवढ्यात तिने काय ते ठरवून टाकलं. बाबाची नोकरी आपल्यामुळेच गेली.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फारसं नाही. विश्वनाथ खाली बेसमेंटमध्ये बसू लागला. लॅपटॉपवर अप्लाय करायचा, नाहीतर आवाज बंद केलेला टीव्ही बघायचा. नीरजा फार्मसीत जास्तीच्या शिफ्ट करू लागली. एकदा ती मला भरायला चिक्की घेऊन आली, तर श्रावणी म्हणाली, "नो. डोन्ट." मग नीरजाने मलाही बेसमेंटमध्ये नेऊन ठेवलं, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीशेजारी, टायरांच्या मागे.

मला खाली नेण्याच्या आदल्या संध्याकाळी, आसपास कुणी नसताना, श्रावणीने माझ्या चोवीस नंबरच्या कप्प्यात एक घडी केलेला कागद ठेवला होता. तो माझ्या पोटात राहिला. विश्वनाथ आणि मी एकाच खोलीत महिनोन् महिने बसून होतो. भट्टी चालू व्हायची, बंद व्हायची. त्याला काही वाटत नसावं. मलाही वाटत नव्हतं. दारं उघडी होती आणि आत धूळ बसत होती.

नोव्हेंबरमध्ये बर्फ पडला. विंटर टायर्स बाहेर काढताना विश्वनाथचा धक्का लागून मी आडवा झालो आणि कागद खाली पडला. त्याने तो उलगडला. पेन्सिलीने लिहिलं होतं, "डियर कॅलेंडर, आय ओपन्ड यू टू फास्ट. प्लीज गिव्ह बाबाज जॉब बॅक. आय विल नेव्हर चीट अगेन."

तो टायरावरच बसला. मग फायलीतून एक पत्र काढून, मला काखेत मारून वर गेला.

श्रावणी जेवणाच्या टेबलापाशी चित्र रंगवत होती. त्याने मला तिच्यासमोर ठेवलं. त्याच्या हातातली चिठ्ठी बघून ती एकदम ताठ झाली.

"हे बाबाचं लेऑफ लेटर. वरची डेट वाच," तो म्हणाला.

"फेब्रुवारी एट."

"आणि तू दारं कधी उघडलीस?"

तिला आठवावं लागलं नाही. "वेन्सडे. द टेन्थ."

"मग? आधी काय येतं, आठ की दहा?"

तिने टेबलाखाली बोटं मोजली. मला दिसत होतं. "दे रोट इट बिफोर?"

"आधीच लिहिलं होतं. तू शाळेत होतीस तेव्हा."

"सो इट वॉजन्ट मी."

"नाही गं सोन्या. कधीच नव्हतं. बाबाने तुला विचारायला हवं होतं. बाबाचं चुकलं."

ती रडली नाही. "ओके," म्हणाली. मग मला जवळ ओढून तिने चोविसावं दार बंद केलं. शोधून शोधून तेविसावं, बाविसावं. अकराव्यापर्यंत आली आणि थांबली. पहिली दहा तिने उघडीच ठेवली. ती नियमाने उघडलेली होती. अकरावं लावल्यावर मात्र ती बाबाच्या पोटात तोंड खुपसून खूप रडली. त्यानेही तिला उचलून घेतलं.

डिसेंबरची एक तारीख आली. या घरात मला पहिल्यांदाच माझा स्वतःचा महिना मिळाला. चिक्की विश्वनाथने केली होती. पाक पुढे गेल्याने ती दगडासारखी झाली होती. कप्पे भरून त्याने माझी सगळी दारं लावली होती. श्रावणीने एक नंबरचं दार शोधलं, पण उघडलं नाही.

"बाबा, हू आर वी वेटिंग फॉर?"

"कुणासाठीच नाही. सगळे घरीच आहोत," तो म्हणाला.

तिने दार उघडलं.

मित्रांनो, माझी धूळ अधूनमधून पुसा, बिजागरीला तेलाचा थेंब द्या, एवढं म्हणायचा माझ्यासारख्याला हक्क आहे. पण माझं मागणं वेगळंच आहे. काही चुकलंय असं वाटलं, तर ते कागदावर लिहून माझ्या पोटात ठेवू नका. घरातल्या माणसाला सांगा. मी लाकूड आहे. ती चिठ्ठी मला पहिल्या दिवसापासून पाठ होती, आणि ज्याला ती सांगायची, तो चार पावलांवर बसला होता.